पालद्याकडचं छोट्या इंजिनांचं वर्कशॉप: ८५ पीएसआय दाबावर आलेली जुनी चेनसॉ, आणि आधी मोजून मग खोलणारे काका

इंदूरला चेनसॉ, ब्रश कटर, फवारणीचा पंप असली छोटी टू-स्ट्रोक मशीनं बिघडली की दाखवायची कुठे हा प्रश्न सिमरोल, महू, सांवेरकडे ज्यांची शेती आहे त्या सगळ्यांना पडतो, कारण विकणारी दुकानं सियागंजपासून छावनीपर्यंत ढीगभर आहेत पण इंजिन खोलून नीट परत बसवणारा माणूस मिळत नाही. मला मिळाला, आणि तोही आधी दोन ठिकाणी पैसे घालवून झाल्यावर, म्हणून हे सविस्तर लिहितोय. दुकानावर पाटी नाही, काकांनी नाव-नंबर कुठे टाकू नका असं सांगितलंय, त्यामुळे फक्त जागा सांगतो: नवलखा चौकातून पालद्याकडे जाताना डाव्या हाताला वेल्डिंगवाल्यांची रांग लागते, त्यातल्या एका गल्लीत आत, बाहेर तीन-चार ब्रश कटर भिंतीला टेकवून ठेवलेले दिसतात तेच.

मशीन आधी सांगतो. जर्मन बनावटीची ४५ सीसीची चेनसॉ, वापरलेली, ८,५०० ला घेतली जानेवारीत. सिमरोलच्या पुढे आमची साडेतीन एकर बाग आहे, आंबा, जांभूळ आणि कडेनं बाभळी, दरवर्षी मे-जूनच्या वादळात काही ना काही पडतंच आणि मजूर बोलावून कुऱ्हाडीनं तोडायचं म्हटलं तर दोन दिवस जातात. विकणाऱ्यानं सुरू करून दाखवली होती, थंड इंजिन, चौथ्या-पाचव्या ओढीला सुरू झाली, आवाजही ठणठणीत वाटला. मी खूश होऊन घेऊन आलो. आता कळतं की तेव्हाच तिला गरम होऊ द्यायला हवं होतं, दहा मिनिटं लाकूड कापून, बंद करून, लगेच परत सुरू करून बघायला हवं होतं, कारण कंप्रेशन (सिलेंडरमध्ये हवा दाबायची ताकद) गेलेलं इंजिन थंड असताना कसंबसं सुरू होतं आणि गरम झालं की हात टेकतं.

माझ्याकडे नेमकं तेच झालं. मार्चपर्यंत कशीबशी चालली, मग एकदा बंद केली की अर्धा तास सुरूच व्हायची नाही, दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागायचा. आणखी एक गोष्ट व्हायची जी मला तेव्हा महत्त्वाची वाटली नाही, रेस सोडली तरी इंजिनचा वेग लगेच खाली यायचा नाही, दोन-तीन सेकंद तसाच वर राहायचा आणि मग हळूहळू उतरायचा. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

पहिल्या ठिकाणी (नाव लिहीत नाही) न खोलता सांगितलं कार्बोरेटर गेला, नवीन टाकला, २,२०० घेतले. दोन आठवडे बरी चालली आणि मग आधीपेक्षाही वाईट. दुसऱ्या ठिकाणी सायलेन्सर काढून आत टॉर्च मारला आणि म्हणाले सिलेंडरला लाइनी आल्यात, ठेवून जा, खरादवाल्याकडून बोर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकून देतो. माझं नशीब की त्या दिवशी खिशात पैसे नव्हते म्हणून मशीन परत घेऊन आलो, कारण ते बोर केलं असतं तर सिलेंडर भंगारात गेला असता. का ते काकांनी नंतर समजावलं. जुन्या स्कूटरच्या सिलेंडरमध्ये लोखंड असतं, ते खरादीवर थोडं थोडं मोठं करता येतं. चेनसॉचा सिलेंडर पूर्ण ॲल्युमिनियमचा, आतून फक्त कडक मुलामा दिलेला, क्रोम किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा, अगदी पातळ थर असतो तो. बोर केलं की तो थर जातो आणि खाली नरम ॲल्युमिनियम उघडं पडतं, त्यात ॲल्युमिनियमचा पिस्टन चालवला तर किती टिकेल.

काकांकडे मेच्या शेवटी गेलो. साठीच्या पुढचे असतील, मराठी बोलतात हे कळल्यावर मला अर्धं हायसं वाटलं, वडील हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते म्हणाले, १९९१ ला मिल बंद झाली तेव्हापासून घरातच हत्यारं घेऊन बसले आणि हे त्यांच्या हाताखाली शिकले. मी सगळी कहाणी सांगायला लागलो तर हात वर करून म्हणाले, "अहो थांबा, आधी मोजू द्या, मग तुमचं ऐकतो." मला ते जरा तुटक वाटलं खरं, पण पुढचा तासभर जे बघितलं त्यानं ते विसरलो.

सगळ्यात आधी त्यांनी मशीन नुसतं दोरीच्या मुठीला धरून उचललं, म्हणजे मूठ हातात आणि पूर्ण चेनसॉ दोरीला लटकलेली. चांगलं इंजिन असेल तर ती अडखळत अडखळत, एकेका दाबाला थांबत खाली येते. माझी सरळ सुळकन् खाली गेली, जमिनीला टेकायच्या आत त्यांनी दुसऱ्या हातानं झेलली. हे घरी कुणालाही करता येतं आणि वापरलेली चेनसॉ घेताना तर कराच, पैसा लागत नाही. फक्त बटण बंद करून, आणि चेन आणि ती जिच्यावर फिरते ती पट्टी, म्हणजे बार, काढून घ्या आधी.

मग प्लग काढून कंप्रेशन गेज लावलं. इथे एक गोष्ट सांगितली जी मला कुठेच कुणी सांगितली नव्हती. कारचं गेज असतं त्याला लांब नळी असते, आणि बऱ्याच गेजमध्ये हवा अडवणारा छोटा वॉल्व मीटरच्या बाजूला असतो. कारच्या मोठ्या सिलेंडरला त्यानं फरक पडत नाही, पण ४५ सीसीच्या एवढ्याशा सिलेंडरला ती नळी म्हणजे जास्तीची जागाच झाली, त्यामुळे चांगलं इंजिनही कमी दाखवतं. वॉल्व प्लगच्या टोकाला असलेलं गेज हवं. त्यांच्याकडे दोन्ही होती, मला दोन्ही लावून दाखवली, कारवाल्यानं ६५ पीएसआय दाखवलं आणि बरोबरवाल्यानं ८५. रेस पूर्ण दाबून, काटा थांबेपर्यंत सहा-सात वेळा ओढायचं, एकदा ओढून बघणं म्हणजे बघितलंच नाही. असल्या चेनसॉला १५० च्या आसपास हवं, ११०-१२० च्या खाली गेलं की सुरू व्हायला त्रास आणि ९० च्या खाली तर विचारूच नका. मग प्लगच्या भोकातून थोडं टू-टी (पेट्रोलमध्ये मिसळायचं) तेल सोडून परत मोजलं, एकदम ११५ वर गेलं. तेलानं थोडं वाढतंच पण एवढं वाढलं म्हणजे हवा रिंगांच्या बाजूनं पळतेय.

इथपर्यंत कुणीही चांगला मिस्त्री करेल. मला कौतुक पुढचं आहे. सायलेन्सरचे दोन नट काढून पिस्टन बघितला, सायलेन्सरच्या बाजूला उभे चरे, राखाडी आणि खरखरीत, कार्बोरेटरच्या बाजूचा भाग मात्र बऱ्यापैकी गुळगुळीत. म्हणाले, "कार्बोरेटरच्या बाजूनं घासला असता तर फिल्टरमधून धूळ गेली म्हटलं असतं. हा तापून घासलाय. का तापला ते सापडेपर्यंत नवा पिस्टन टाकायचा नाही, टाकला तर तोही महिन्यात असाच होईल."

टू-स्ट्रोकला वेगळं इंजिन ऑइल नसतं, जे काय तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच. कुठून जास्तीची हवा आत शिरली की पेट्रोल कमी, म्हणजे तेलही कमी, इंजिन तापतं, वेग चढतो, पिस्टन फुगून सिलेंडरला घासतो, त्याचं ॲल्युमिनियम भिंतीला चिकटतं, रिंगा खाचेत अडकतात आणि कंप्रेशन जातं. रेस सोडल्यावर वेग खाली न येणं ही त्याचीच खूण होती, तेव्हा मी सांगितलं आणि ते म्हणाले, "हे आधी सांगायचं ना." (सांगत होतो तेव्हा थांबवलं होतं, पण असो.)

मग सायलेन्सरच्या आणि कार्बोरेटरच्या तोंडाला जुन्या ट्यूबचे तुकडे लावून वरून बोल्ट कसले, प्लगच्या भोकात नळी लावून हातपंपानं हवा भरली, साधारण अर्धा बार दाबाची. साबणाचं पाणी लावलं सगळीकडे. एक बुडबुडा नाही, काटा जागचा हलला नाही. मला वाटलं चला, गळती नाही. पण त्यांनी पंपाचं तोंड बदललं आणि हवा भरायच्याऐवजी ओढली, आणि काटा आमच्या डोळ्यासमोर सरकत सरकत शून्याला आला. कारण असं की क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या शाफ्टच्या) ऑइल सीलची ओठासारखी कड असते, आतून दाब आला की ती शाफ्टला चिकटते आणि बंद राहते, आतून ओढ लागली की सुटते. सील जुना होऊन कडक झाला असेल तर दाबात पास होतो आणि ओढीत नापास, म्हणून दोन्ही बघायचं. मॅग्नेटच्या (दोरीकडच्या चाकाच्या) बाजूच्या सीलवर दोन थेंब तेल टाकून परत ओढलं तर काटा तेवढ्यापुरता थांबला. तिथेच होतं. एवढासा रबराचा सील, आणि त्याच्यावरून मी २,२०० चा कार्बोरेटर बदलून बसलो होतो. त्या वेळी खरंच राग आला, कारण हे शोधायला काकांना सगळं मिळून एक तास लागला होता.

खोलायचं काम मी बसून बघितलं दुसऱ्या दिवशी. या मॉडेलला सिलेंडरखाली गॅस्केट नसतं, क्रँक खालच्या कव्हरमध्ये बसतो आणि ते कव्हर सिलेंटनं (गळती बंद करणाऱ्या लेपानं) चिकटवतात, त्यामुळे सील बदलायचा तर पूर्ण इंजिन बॉडीतून बाहेर काढावं लागतं. क्लच उलट्या आट्यांचा, घड्याळाच्या दिशेनं फिरवून सुटतो, ते माहीत नसलेले लोक कसून कसून तोडतात. प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडली म्हणजे पिस्टन अडतो आणि क्लच फिरवता येतो, लोखंडी काही घालायचं नाही.

आता सिलेंडर. मी धरून चाललो होतो की पूर्ण सेट घ्यावा लागणार, कंपनीचा सेट महाग आणि बाजारातला स्वस्त सेट घेऊ का म्हणून विचारलं. काकांनी सिलेंडर माझ्या हातात दिला आणि म्हणाले नख फिरवून बघा. फिरवलं तर नखाला उंचवटे लागत होते, खड्डे नाही. उंचवटे म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम वर चिकटलंय, खालचा मुलामा शाबूत असू शकतो. बाहेर मोकळ्यात नेऊन, हातमोजे घालून, काडीला कापूस गुंडाळून हायड्रोक्लोरिक ॲसिड फक्त त्या चऱ्यांवर लावलं. लावताच बारीक फेस यायला लागला, करड्या रंगाचा, तो पुसायचा, परत लावायचं, परत पुसायचं, असं पंधरा-वीस वेळा. जिथे पोर्टची (सिलेंडरच्या भिंतीतल्या हवा-धुराच्या भोकांची) कड आहे तिथे कापूस नेतच नव्हते कारण तिथे उघडं ॲल्युमिनियम असतं आणि ॲसिड तेही खातं. शेवटी फेस यायचा थांबला, म्हणजे चिकटलेलं संपलं, मुलाम्याला ॲसिड लगेच धरत नाही. पाण्यानं आणि खायच्या सोड्यानं धुऊन, तेल लावून बारीक एमरी हलक्या हातानं आडवी-तिरपी फिरवली. परत नख फिरवायला दिलं, काचेसारखं. पोर्टच्या वर एक फिकट सावली राहिलीय पण हाताला लागत नाही. (हे घरी करायला जाऊ नका, वाफ नाकात गेली तर त्रास होतो, मी चार हात लांब उभा होतो तरी खोकलो.)

म्हणजे फक्त पिस्टन घ्यायचा होता. इथे काकांनी स्पष्ट सांगितलं की सिलेंडर कंपनीचा वाचलाय तर पिस्टन स्वस्तातला घालू नका, रिंगा आणि गजन पिनची (पिस्टनमधल्या आडव्या पिनची) लॉकं त्यातच मार खातात. ४२.५ एमएमचा पिस्टन सेट मला स्वतःला सियागंजमधून आणावा लागला, एका खेपेत ४० चा दिला, परत जाऊन बदलला. जुनी रिंग सिलेंडरमध्ये सरळ बसवून फिलर गेजनं (मापाच्या पातळ पत्र्यांनी) मोजली तर टोकांमधलं अंतर ०.६ एमएम, नवीची ०.२. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगेची टोकं खाचेतल्या छोट्या पिनवर, आणि लॉकं नवीच, त्यांचं तोंड वर किंवा खाली, आडवं ठेवलं तर पिस्टनच्या वरखाली धक्क्यानं सुटू शकतं. सुटलं तर सिलेंडर गेलाच. दोन्ही सील नवे, बेअरिंग हातानं फिरवून, कानाजवळ धरून बघितली, ती ठीक होती म्हणून तीच ठेवली. सिलेंट लावून रात्रभर तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी परत दाब आणि ओढ दोन्ही तपासलं, काटा दोन्हीत थांबला. मग कॉइल आणि मॅग्नेटच्या मधे व्हिजिटिंग कार्ड घालून अंतर धरलं, माझ्या जुन्या कार्बोरेटरचा पडदा बदलला, तो हाताला कडक कागदासारखा लागत होता. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतंय, ते हवेतली ओल धरतं, म्हणून काम झालं की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवूनच ठेवायचं असं त्यांनी दोनदा बजावलं.

सेटिंग त्यांनी लाकूड कापतच केलं. आवारात बाभळीचा ओंडका ठेवलाय त्यासाठीच. मोठ्या रेसचा स्क्रू असा धरला की हवेत पूर्ण रेसवर आवाज जरा अडखळता, भरडा येतो आणि बार लाकडात गेला की लगेच साफ होतो. मला म्हणाले हा आवाज कानात ठेवा, हवेतच एकदम तासलेला, चिरका आवाज यायला लागला की समजा पेट्रोल कमी पडतंय, बंद करा. हे ऐकल्यावर मला कळलं की आधीचे दोन महिने ती चिरकीच चालत होती आणि मला तोच जोर वाटत होता.

थंड इंजिनवर १५५ आलं. तीन टाक्या चालवून महिन्यानं परत दाखवायला नेली तेव्हा १६२.

खर्च: पिस्टन सेट १,९५०, दोन सील ३८०, कार्बोरेटरचा पडदा-किट ३२०, प्लग, पेट्रोल फिल्टर आणि सिलेंट मिळून ४१०, मजुरी १,५००. एकूण ४,५६०. मजुरी मला कमी वाटते, एवढ्या कामाला.

आता न आवडलेलं, तेही लिहायला हवं. ११ दिवस लागले आणि कधी होईल ते एकदाही नीट सांगितलं नाही, फोन उचलत नाहीत, दोनदा मी राजेंद्रनगरहून गेलो आणि हात हलवत परत आलो. त्याच आठवड्यात वादळानं आमचं एक जुनं जांभळाचं झाड वाटेवर आडवं पडलं आणि मला भाड्यानं मशीन आणावं लागलं, ते दुखलं. पार्ट बहुतेक तुम्हालाच आणावे लागतात, ते फक्त कागदावर माप लिहून देतात. छापील बिल नाही. चेनला धार लावून देत नाहीत, ते काम दुसरीकडे. आणि घाईत असलेल्या गिऱ्हाइकाशी बोलणं तुटक आहे, माझ्यासमोर एकानं "भिया, बस रिंग डाल दो, चल जाएगी" म्हटलं तर त्याचा ब्रश कटर उचलून परत हातात दिला, "मग दुसरीकडे न्या" म्हणून. मला त्या वेळी जरा जास्तच वाटलं. पण माझ्या मशीनमध्येही नुसती रिंग टाकून दिली असती तर जुलैत मी परत त्यांच्या दारात असतो, हेही खरं.

तेलाचं राहिलं. मी आधी अंदाजानं झाकणं मोजून घालायचो. त्यांनी औषधाचं मापाचं झाकण दिलं आणि सांगितलं, कंपनीचं तेल असेल तर ५० ला १, म्हणजे लिटरला २० एमएल, साधं टू-टी असेल तर २५ ला १, ४० एमएल, आणि मिसळलेलं पेट्रोल महिन्याच्या वर ठेवायचं नाही.

जाणार असाल तर सकाळी साडेदहानंतर, रविवार सोडून. मशीनची टाकी रिकामी करून आणि बार-चेन काढून न्या, तसंच नेलं तर परत पाठवतात. आधी कुणी काय बदललंय त्याचे जुने पार्ट टाकले नसतील तर पिशवीत घालून सोबत न्या, माझा काढलेला जुना कार्बोरेटर त्यांनी साफ करून, पडदा बदलून परत बसवला आणि ते २,२०० चं नवं माझ्या हातात दिलं, "ठेवा, कुणाला तरी लागेल." मी मात्र पाच पैकी साडेचार देतो, अर्धा त्या फोनसाठी कापला.